आईच्या बाजूचं रक्त

"मूल होत नाही दादाला, आणि रक्त माझं कशाला गं? काल माझ्या भावाचं घेऊन आलीस, आज माझं!"

"आई, हात हलवू नकोस."

"आधी कारण सांग, मग नाही हलवत."

धाकटीनं कारण सांगितलं नाही, सुई मात्र सफाईनं घातली. प्रयोगशाळेत तिच्या दारावर शास्त्रज्ञ म्हणून पाटी होती, घरात ती धाकटीच. पुरुषांना मूल का होत नाही, याचं मूळ जनुकांत शोधायचं हे तिचं काम. काम कसलं, डोक्याला ताप! बायका तपासायला मुकाट येत. नवऱ्याचा नमुना हवा म्हटलं, की नवरा "गाडी नीट लावून येतो" म्हणून जायचा तो जायचाच. तिचा सख्खा दादाही त्यातलाच. वहिनीच्या तपासण्या झाल्या, इंजेक्शनं झाली, पोटाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा कुठे स्वारी नमुना देऊन गेली. त्यात शुक्राणू औषधालाही नव्हता.

"आईला कळू देऊ नकोस," एवढंच दादा म्हणाला होता. आणि आई तिकडे सुनेला ऐकवायची ते ऐकवतच होती.

धाकटी कैक वर्षं बापाकडून मुलाकडे येणाऱ्या गुणसूत्रातच दोष शोधत बसली होती. पुरुषांचं दुखणं पुरुषांच्याच वाटेनं येणार, असं सगळेच धरून चालले होते. मग एकदा भांडी विसळता विसळता वहिनी म्हणाली, "ताई, आता मलाही तुमच्या दोन्ही मामींच्या पंगतीला बसवतील." धाकटीनं कपाळावर हात मारला. दोन मामा, दोघांनाही मूल नाही! मामींनाच काही होत नाही, हे लहानपणी ऐकलेलं तिनं एवढं शिकूनही तसंच गिळलं होतं. तिनं जुन्या रुग्णांना फोन लावले. तुम्हाला मामा आहेत? त्यांना मुलं? बऱ्याच घरांत तेच उत्तर आलं. लहान मामांनी तर "घे बाई, काय हवं ते घे," म्हणत हातच पुढे केला. थोरले मामा मात्र केव्हाच गेले होते.

आईचा अहवाल आला आणि धाकटी प्रयोगशाळेत खुर्चीवरून उडालीच. दादा, मामा, आई, तिघांत आईकडून येणाऱ्या गुणसूत्रात तोच दोष! "आईच्या बाजूला काय शोधताय?" म्हणून हसणारे संचालक स्वतः चहा घेऊन आले.

संध्याकाळी ती घरी पोचली. आई वाटच बघत होती.

"काय निघालं माझ्या रक्तात?"

धाकटीनं दादाकडे पाहिलं. सांगायचं तर त्यानंच सांगायला हवं होतं. दादानं कप खाली ठेवला.

"आई, दोष माझ्यात आहे. हिच्यात काही नाही. कधीच नव्हतं."

ओट्याशी उभ्या वहिनीनं नळ बंद केला.

"आणि माझं रक्त?" आईनं पुन्हा विचारलं.

"दोष आहे ते गुणसूत्र मुलाला आईकडूनच येतं," धाकटी म्हणाली. "तुझ्याकडे दोन आहेत, त्यामुळे एक बिघडलं तरी दुसरं सांभाळून घेतं. मुलाकडे एकच असतं. दादाला आणि लहान मामांना तेच बिघडलेलं आलं. यात तुझी काही चूक नाही, आई."

"रक्ताची नसेल. जिभेची आहे."  आईनं शेजारची खुर्ची ओढली. "ये गं, बस इथं. चुकले मी." वहिनी बसली आणि इतक्या वर्षांचं सगळं रडून घेतलं. दादानं तिच्या पाठीवर हात ठेवला, तो काढलाच नाही.

आईनं फोन उचलला आणि लहान मामीला लावला.

"वन्सं? बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. ऐक. तुला मूल झालं नाही, त्यात तुझा दोष नव्हता. माझ्या भावात होता. आमच्या रक्तात. धाकटीनं शोधून काढलंय."

 

"थांबा हं वन्सं," मामी म्हणाली. "हे इथंच पेपर वाचत बसलेत. फोन स्पीकरवर टाकते. आता परत बोला. जरा मोठ्यानं, यांना कमी ऐकू येतं."

आई खुर्चीवरून उठली, उभी राहिली, आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सांगू लागली.