शालूचं पाणी तोलणारा काटा

साहेब, तुम्ही शालूला एकदाही पाहिलं नाहीत. तिच्या पोटाला किती पाणी पेलतं आणि ते किती वेळ ठेवायचं, हे कुणाला विचारलं नाहीत. तरी तिच्या वाट्याच्या औषधी पाण्याच्या पिशव्या तुम्ही ठरवल्यात, त्याही मोठ्या माणसाच्या मापानं. हा अन्याय आहे आणि तो तुम्ही केलात. मी हे तोंडावर सांगतो. मी लोखंडाचा आहे, मला बदलीची भीती नाही.

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे. शेर-पावशेर जाऊन किलो आला, त्या सुमारास एका कारखान्यात माझा जन्म झाला. पोटात स्प्रिंग, तोंडावर पितळी तबकडी, खाली हूक. हुकाला जे लटकेल त्याचं खरं वजन सांगायचं, एवढंच मला शिकवलं गेलं.

मंडईत दत्तोबांच्या आलं-लसणाच्या गाळ्यावर मी कामाला लागलो. हुकाला साखळ्यांची परडी असायची. दत्तोबांचा एक रिवाज होता. माझा काटा किलोच्या पुढं सरकला, की मगच ते "किलो" असं ओरडायचे. वरचं गिऱ्हाइकाचं. याला झुकतं माप म्हणतात. त्यांचा मुलगा संपत हे बघत वाढला आणि त्याच्याही जिभेला तीच सवय लागली. लांबच्या पेठांतली माणसं आमचा गाळा शोधत यायची. मला मिरवल्यासारखं वाटायचं.

मग विजेवरचे काटे आले, लाल आकडे दाखवणारे. दत्तोबाही गेले. मला गोणपाटाखाली टाकलं. उंदीर माझ्या साखळीवर कसरती करायचे. वर्षानुवर्षं कुणी विचारलं नाही. मीही कुणाच्या पाया पडलो नाही.

एके दिवशी संपतनं मला बाहेर काढलं. चिंच लावून घासलं, परडी काढून टाकली आणि घोरपडे पेठेतल्या त्याच्या खोलीत खिडकीच्या गजाला टांगलं. त्याची मुलगी शालू सात वर्षांची. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. तिच्या पोटात एक मऊ नळी बसवली होती. त्या नळीतून पिशवीतलं साखर घातलेलं औषधी पाणी पोटात सोडायचं. काही वेळ ते आत राहतं, अंगातली घाण आणि जास्तीचं पाणी ओढून घेतं. मग ते बाहेर काढायचं आणि नवं सोडायचं. आत गेलं त्यापेक्षा बाहेर जास्त आलं, तर पोरगी सुखात. कमी आलं, तर पाणी अंगात साठलं, चेहरा सुजला, दम लागला. आत सोडायचं माप डॉक्टरांनी ठरवून दिलेलं; बाहेर आलेलं तोलायला मी लागत होतो.

"बाबा, माझं पाणी लसणाच्या काट्यावर? वास येईल ना त्याला!" शालू म्हणाली.

"येऊ दे. तुझ्या पाण्याला फोडणी बसेल," संपत म्हणाला. शालू इतकी हसली की नळी सांभाळत हेमा, तिची आई, ओरडली, "अहो, दोघंही गप्प बसा!"

काम कडक होतं. दार बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. जंतू आत गेला तर पोट सडायचं. नळीपाशी हेमा, माझ्यापाशी संपत. तो आकडा ओरडायचा, हेमा तो फोनवरून श्यामला मॅडमना कळवायची. त्या लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या डॉक्टर.

आकडे सारखे कमी येत होते. मॅडमनी जास्त साखरेचं, कडक पाणी दिलं. शालूच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, उठली की डोळ्यांपुढं अंधारी. कुणाला काही उमगेना. मला दिसत होतं, पण काट्याला तोंड असून आवाज नसतो.

एकदा बाहेर आलेल्या पाण्याची पिशवी लटकवल्यावर हेमा सहज मागं वळली.

"अहो, काटा कुठं आहे आणि तुम्ही बोलताय काय?"

"काय बोललो?"

"काटा पुढं गेलाय. तुम्ही मागचा आकडा सांगितलात."

संपतनं तबकडीकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "सवय गं. झुकतं माप..."

"तिथं गिऱ्हाईक असतं. इथं आपली पोरगी आहे! तुमच्या कमी आकड्यापायी मॅडम कडक पाणी देतायत आणि तिचं अंग सुकतंय!"

त्यानंतर संपत तबकडीला नाक लावून आकडा वाचू लागला. मॅडमनी मला दवाखान्याच्या काट्याशी ताडून पाहिलं. सूतभर फरक नाही. कडक पाणी थांबवलं, गोळे गेले; पण आता पाय सुजू लागले. मग खरी गोष्ट उघडी पडली. जे पाणी थोडा वेळ पोटात राही, ते भरपूर घेऊन परत येई. जे जास्त वेळ राही, ते गेलं त्याहून कमी परत येई. मॅडमनी तपासणी केली आणि म्हणाल्या, "संपतराव, लहान मुलांच्या पोटातलं अस्तर फार चपळ असतं. साखर चटकन शोषून घेतं, मग पाणी उलटं अंगात जातं. हिला कडक पाणी नकोय. थोडं थोडं, कमी वेळ आणि जास्त वेळा द्यायचं."

त्यांनी दवाखान्यात शिल्लक असलेल्या पिशव्या दिल्या. मित्रांनो, काय सांगू! सूज उतरली. घट्ट झालेले बूट पायात गेले. शालू शाळेत गेली आणि जिना चढून वर आली ती बोलतच, मध्ये दम न घेता. तिच्यासारखं मूल तुमच्या वर्गात असेल, तर त्याच्या पोटाला धक्का लागू देऊ नका. नळीवरून चिडवू तर अजिबात नका.

पण जास्त वेळा म्हणजे जास्त पिशव्या. त्या सरकारी योजनेतून फुकट मिळतात; किती द्यायच्या, हे ठरवतात कचेरीतले साहेब. संपत मॅडमची चिठ्ठी घेऊन गेला. आकड्यांवर शंका नको म्हणून मला पिशवीत घालून सोबत नेलं.

"मूल लहान," साहेब म्हणाले. "मग पिशव्या कमी लागायला हव्यात. तुम्ही मोठ्या माणसापेक्षा जास्त मागताय?"

"साहेब, तिला एका वेळी थोडंच सोडायचं, पण जास्त वेळा."

"मग एकाच पिशवीतलं उरलेलं पुन्हा वापरा."

"फोडलेली पिशवी ठेवता येत नाही. जंतू जातात."

साहेबांनी मला बोटानं उचलून पाहिलं. "आणि हे काय? अहो, इथं मंडई भरलेली नाही."

"मंडईत गिऱ्हाईक लसणाचा भाव करतं, साहेब. पोरीच्या पोटाची घासाघीस मी इथंच पाहिली."

"नियमात बसत नाही. या तुम्ही."

आम्ही आलो. दवाखान्यातल्या शिल्लक पिशव्या आज संपल्या. खोलीत आता तुम्ही मंजूर केलेल्या तेवढ्याच आहेत. मॅडमनी ठरवलेली दुपारची पाण्याची बदली त्यांत बसत नाही. म्हणजे सकाळचं पाणी शालूच्या पोटात संध्याकाळपर्यंत राहणार आणि उलटं तिच्या अंगात जाणार. आज सकाळच्या शाळेतून आल्यावर तिनं बूट काढून कपाटात ठेवले. "उद्या हे जातील ना गं पायात?" असं तिनं आईला विचारलं. हेमानं उरलेल्या पिशव्या पुन्हा मोजल्या.

मी वजन सांगतो, दया मागत नाही. तुमचा नियम माझ्या हुकाला लावून पाहिला असता, तर तो किती हलका आहे हे तुम्हाला दिसलं असतं. साहेब, उद्या दुपारी दार बंद होईल, पंखा बंद होईल, संपत हात धुऊन माझ्याजवळ उभा राहील. शालू फ्रॉक वर करून वाट बघत बसेल.

तिची दुपारची पिशवी कुठं आहे? उत्तर द्या.