टोपणाखालचा बुडबुडा

तीच गाडी तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात उभी राहिली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग गाडीचा नव्हता, दादाचा होता. एसीचं काम माझं, पण मी जागेवर नसले की आमचे हे थोरले बंधू गॅस भरतात आणि गाडी वाटेला लावतात.

गाडीतून इस्त्रीवाले काका उतरले. जगाचे कपडे कडक करणारा माणूस, आज स्वतःच घामाने चिंब भिजला होता.

"पोरी, चार दिवस गार वाटतं, मग पुन्हा भट्टी. परवा दवाखान्यात जाताना तुझ्या काकूला गाडीतच भोवळ आली. आता म्हणते, मेले तरी या गाडीत बसणार नाही. उपचारच बंद करून बसलीय गं."

"गॅस भर आणि सोड," दादा आतून ओरडला.

"गॅस जातो कुठे ते कळल्याशिवाय गाडी हलणार नाही," मी म्हणाले. काकू औषधावाचून घरी बसल्या होत्या. मी बॉनेट उघडलं.

गॅस भरायच्या तोंडाला मीटरचा पाइप जोडला, उरलासुरला गॅस काढला, पंपाने आतली हवा ओढून घेतली आणि काट्यावर नजर ठेवून बसले. गळती असती तर काटा हलला असता. जेवणं उरकली तरी तो ढिम्म. मग थोडा गॅस भरून एकेका जोडावर साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा नाही.

"झालं समाधान?" दादा म्हणाला. "आण तो पाइप. मला दुसरी गाडी आहे."

त्याने मीटरचा पाइप उपटला. मी रडकुंडीला आले होते, पण हट्ट सोडवेना. गॅस भरायचं ते तोंड आता उघडं पडलं होतं. इतका वेळ आमच्याच पाइपाने ते झाकलेलं, मग तिथली गळती काट्याला कळणार कशी? बोटाने फेस लावला. बुडबुडा फुगला, फुटला, मागोमाग दुसरा आला. आतली गॅस अडवणारी पिन खराब झाली होती.

"याचं टोपण कुठाय? पिन खराब झाली तरी त्याने गॅस अडला असता."

दादाने फळीवरच्या डब्याकडे पाहिलं. डबा टोपणांनी भरलेला. "दरवेळी काढत कोण बसणार, म्हणून..."

त्यावर मी त्याला जे बोलले ते आईसमोर बोलता आलं नसतं. गॅस पुन्हा काढला, पिन बदलली, गॅस भरला आणि टोपण त्याच्या हातावर ठेवलं. "तूच लाव."

पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा दारात. मी हातातलं काम टाकून धावले. मागची काच खाली सरकली. आत काकू, कानापर्यंत शाल ओढलेल्या.

"दवाखान्यातूनच येतोय. तुझ्या काकांना सांग गं, हवा जरा कमी करा म्हणावं. गारठून मेले!"

मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. दादाने मात्र कुणी न सांगता बॉनेट उघडलं आणि आत हात घातला.

"आहे," तो म्हणाला. "घट्ट आहे."