ढिली पगडी

गारखेड्याचे वतनदार नानासाहेब यांची पगडी सुभेदारसाहेबांसमोर पडली, ही बातमी नानासाहेब घरी पोचायच्या आतच त्यांच्या बायकोच्या, लक्ष्मीबाईंच्या, कानावर आली होती. आता पडली म्हणजे नुसती पडली नाय. सुभेदारसाहेबांनी हौसेनं चार वतनदारांना छावणीच्या मैदानावर गोल्फ खेळायला बोलावलेलं. नानासाहेबांनी लाकूड फोडायच्या आवेशात काठी हाणली. चेंडू जागच्या जागी, आणि पगडी गेली घरंगळत वीस पावलं. बडी बडी माणसं रुमालात तोंड खुपसून हसली. सुभेदारसाहेब तेवढे अदबीनं म्हणाले, की पुढच्या महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला परत या.

न जावं तर लोक म्हणणार, भ्याला. बोडक्यानं खेळावं तर तेही जमत नव्हतं. निजामाच्या राज्यात अंमलदारापुढं उघड्या डोक्यानं कोण उभं राहणार? नानासाहेबांचं जेवणातलं ध्यान उडालं. लक्ष्मीबाईंनी पगडीला नाडी शिवून हनुवटीखाली बांधून दिली. आरशात बघून नानासाहेब स्वतःच वैतागले, कान ठणकणारं पोर दिसत होतं ते.

शेवटी त्यांनी कमरोद्दीनला गाठलं. हा छावणीत साहेबलोकांच्या काठ्या वाहणारा माणूस. पंचवीस वर्षांत शेकडो साहेब चुकताना त्यानं पाहिलेले. त्यानं आधी ती नाडी उसवली. मग पगडी नानासाहेबांच्या डोक्यावर नुसती ठेवली, दुरडी ठेवावी तशी.

"आता फिरवा काठी, सरकार. ही पडली की समजायचं, डोकं हललं."

नानासाहेबांचं डोकंच फिरलं. ज्या पगडीसाठी एवढा आटापिटा, तीच हा बाबा ढिली करून ठेवतोय! पण अडलं होतं त्यांचं, करतात काय.

रोज सकाळी ऊन चढायच्या आत शिकवणी सुरू झाली. काठी बैलाच्या कासऱ्यागत धरायची; आवळली तर हात भरून येतो, सैल सोडली तर गेलीच. दोन पायांत खांद्याइतकं अंतर, गुडघे जरा ढिले. जोर मनगटात नाय, कमरेत, आणि घाई तर अजिबात नाय. पाणचक्कीचा दगड एवढा गरगरा फिरतो, पण मधला दांडा जागा सोडतो का, असं कमरोद्दीन विचारी. पगडी तरी पडतच होती. पहिल्याच दिवशी चाळीसदा पडली. दर वेळी कमरोद्दीन ती उचली, झटकी आणि दोन्ही हातांनी परत देई. एकदाही तो हसला नाही, हे नानासाहेबांच्या ध्यानात आलं.

खोट कुठं होती ते तिसऱ्या आठवड्यात कळलं. काठी चेंडूला लागायच्या आधीच नानासाहेब मान वर करत, कोण कोण आपल्याकडं बघतंय ते बघायला. जन्माची खोड ती. त्यांच्या घराण्यात मान खाली घालायला कुणी शिकवलंच नव्हतं.

"मी म्हणेपर्यंत मातीकडंच बघा, सरकार," कमरोद्दीन म्हणाला.

जुम्मा उजाडला. मैदानावर चेंडूकडं कुणाचंच लक्ष नव्हतं, सगळ्यांचे डोळे पगडीवर. नानासाहेबांनी पाय रोवले. कंबर वळली, काठी सावकाश वर गेली आणि खाली आली. टक्कन आवाज झाला. नानासाहेब आपले मातीकडं बघत उभे.

"आता बघा वर."

चेंडू समोरच्या बोरीच्या झुडपाशी जाऊन पडला होता. लई लांब नाय, पण सरळ. पगडी जागच्या जागी. सुभेदारसाहेब वाहवा म्हणाले आणि नानासाहेबांचा जीव भांड्यात पडला. एवढा आनंद त्यांना लेकाच्या लग्नातही झाला नव्हता.

कमरोद्दीननं रिवाजाप्रमाणं सलामाला हात उचलला. पण नानासाहेबांनी त्याच्या आधीच सलाम केला, सगळ्या बड्या मंडळींदेखत, चांगला कमरेत वाकून.

"उस्ताद," एवढंच ते म्हणाले, आणि ढिली पगडी कमरोद्दीनच्या पायांशी पडली.

कुणी रुमाल काढायच्या आत नानासाहेबच मोठ्यानं हसले. पगडी उचलायची त्यांना काही घाई नव्हती. कमरोद्दीननं ती उचलली, झटकली, दोन्ही हातांनी पुढं केली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा तोही हसला.