आमेनपर्यंत

लाल दिवा लागला तेव्हा माझं अर्धंही बोलून झालं नव्हतं.

"सिस्टर नेल्डा, तुमची वेळ संपली," अध्यक्षाच्या खुर्चीतून आमदार ब्रदर वेंडेल स्टॅग्ज म्हणाला. "देव तुमचं भलं करो. पुढचं कोण?"

समिती होती राज्याच्या आरोग्यखर्चाची आणि प्रश्न होता एका व्हॅनचा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, मूत्रपिंडाच्या रोग्यांना ती डायलिसिससाठी शहरात न्यायची. माझा नवरा हर्शेल दिवसाआड तिच्यातून जायचा. राज्यानं मदत थांबवली की व्हॅन बंद. मग त्याला न्यायला मीच, म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरातली माझी नोकरी गेली, आणि घरात पगार येत होता तो तेवढाच. मदत थांबवायचा ठराव मांडला होता खुद्द वेंडेलनं.

या माणसाला मी आतून-बाहेरून ओळखत होते. एकाच चर्चचे आम्ही, म्हणून तो ब्रदर आणि मी सिस्टर. चर्चच्या मागे चाकांवरच्या एका खोलीवजा ट्रेलरमध्ये आमचं रेडिओ स्टेशन होतं. तिथे तो बोलायचा आणि मी बिनपगारी फोन सांभाळायची. सकाळी कापसाचे भाव, हरवलेली कुत्री, कोण वारलं ते, आणि शेवटी प्रार्थना. लोक फोनवर आपली दुखणी सांगायचे. काचेपलीकडून मी त्याच्या हेडफोनमध्ये म्हणायची, "एटा मे, गर्भाशयाचा कॅन्सर," की याचा गळा दाटून आलाच. आवाज तरी काय! मक्याच्या गरम पावावर लोणी वितळावं तसा. कापूस वेचायच्या यंत्रावर बसलेले दांडगे गडी डोळे पुसायचे. मग गाणं लागलं की हा माइक बंद करून विचारायचा, "डोनट उरलाय का गं एखादा?" एटा मे दुपारपर्यंतसुद्धा त्याच्या लक्षात राहायची नाही. एटा मेच्या अख्ख्या खानदानाच्या लक्षात मात्र हा राहिला.

म्हणूनच निवडणुकीला उभा राहिला तेव्हा त्याला कुणाच्या दारात जावंच लागलं नाही. आपल्या आईसाठी जो रेडिओवर रडला, त्याच्याविरुद्ध मत कोण देणार? हर्शेलनं तर अंगणात त्याच्या नावाची पाटी ठोकली. राजधानीत गेल्यावर वेंडेलनं दात पांढरे करून घेतले, पायात शहामृगाच्या कातड्याचे बूट आले, आणि आमच्या दुखण्यांना तो 'खर्चाची बाब' म्हणायला लागला. सकाळचा कार्यक्रम मात्र सोडला नाही. सगळी मतं तिथेच तर पिकत होती.

तर लाल दिवा लागला. कारकुनाचा हात माझ्या माइकच्या बटणाकडे गेला. काय सुचलं कोण जाणे, मी म्हणाले, "मग आपण प्रार्थना करू या," आणि मान खाली घातली.

आमच्या राज्यात काहीही मध्येच थांबवता येतं, चालू प्रार्थना थांबवता येत नाही. प्रार्थनेवर हातोडा आपटणारा आमदार पुन्हा साधा कुत्री पकडणारा म्हणूनही निवडून यायचा नाही. भिंतीवर कॅमेरा चालू होता. सगळ्या समितीनं माना खाली घातल्या. कारकुनानं हात मागे घेतला. वेंडेलनंही डोळे मिटले, न मिटून सांगतो कुणाला!

"हे प्रभू," मी म्हणाले, "तुझा सेवक वेंडेल याच्यावर तुझा हात ठेव. त्याला बळ दे. कारण बापा, त्याला काही आठवत नाही. एटा मेसाठी आपण रडलो होतो हे त्याला आठवत नाही. ज्या व्हॅनला तो उधळपट्टी म्हणतो तिच्यात हर्शेल बसतो, त्यानं याच्या नावाची पाटी ठोकली होती. तिच्यात लूला टेट बसते, तिला तुझ्याशिवाय कोणी नाही. बापा, हर्शेलचं रक्त वेळेवर धुतलं नाही तर त्याचे पाय सुजून भोपळे होतात, मग त्याला आडवं पडवत नाही, मग श्वास लागतो, आणि मग तू त्याला घेऊन जाशील. तुला घाई नाही ना, बापा? मग या माणसाला कसली घाई झालीय ते जरा विचार त्याला."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "विचार, प्रभू!"

मी एक डोळा किलकिला केला. वेंडेलचे कान लालबुंद झाले होते. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मग मी आणखी लांबवलं. त्याचे बूटसुद्धा देवाच्या कानावर घातले. शेवटी म्हटलं, "या राज्यातल्या तुझ्या लेकरांवर दया कर. येशूच्या नावानं मागते. आमेन."

"आमेन," वेंडेल म्हणाला. आवाज तोच, लोण्याचा. "किती सुंदर प्रार्थना, सिस्टर. आता मतदान घेऊ."

हात वर झाले. समितीतल्या एका बाईला माझ्याकडे बघवेना, तिनं छताकडे बघत हात वर केला. पण केला. ठराव मंजूर झाला.

बाहेर जिन्यापाशी त्यानं मला गाठलं. "चारचौघांत जोडे हाणलेस मला, नेल्डा. तेही देवाच्या आडून."

"आडून कशाला? तोंडावरच बोलले की."

"लोक विसरतील."

"तुम्ही विसरता म्हणून सगळेच विसरतात असं वाटतं तुम्हाला."

तो हसला. "इतकी वर्षं रेडिओत काढलीस आणि शिकली काहीच नाहीस," म्हणाला आणि निघून गेला. काय शिकायचं राहिलं ते मला तेव्हा कळलं नाही.

उन्हाळ्यात व्हॅन बंद झाली. मी नोकरी सोडली. लूला टेटला भाच्यानं लांबच्या कुठल्याशा वृद्धाश्रमात नेऊन टाकलं. हर्शेलला आता मीच पिकअपमधून नेते. समितीसमोर बोलले आणि हरले, एवढंच मी त्याला सांगितलं होतं. तो मानी माणूस. त्याचे सुजलेले पाय मी परक्यांपुढे उघडे केले, हे सांगायला माझी जीभ रेटली नव्हती.

शेतांत कापूस फुटला आणि निवडणूक आली. परवा वाटेत हर्शेलनं रेडिओ लावला, तर पियानोच्या सुरांवर माझाच आवाज. "हे प्रभू, तुझा सेवक वेंडेल याच्यावर तुझा हात ठेव. त्याला बळ दे. या राज्यातल्या तुझ्या लेकरांवर दया कर. येशूच्या नावानं मागते. आमेन." आणि मग लोणी: "आपल्या काउंटीची सिस्टर नेल्डा माझ्यासाठी प्रार्थना करते. तुम्हीही कराल ना? मतदान मंगळवारी."

मधलं सगळं कापलं होतं. कुठे कापलं ते मलासुद्धा ऐकू आलं नाही, इतकं सफाईचं काम. हरामखोर!

हर्शेलनं खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "त्याच्यासाठी प्रार्थना केलीस तू?"

रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं हळूच विचारलं, "माझ्यासाठी गेली होतीस ना तिथे?"

मी रेडिओ बंद केला. "ऐक," म्हटलं, आणि रस्त्यावर नजर ठेवून, उघड्या डोळ्यांनी ती प्रार्थना पहिल्यापासून म्हणायला लागले. एटा मे झाली, पाटी झाली, लूला टेट झाली. त्याच्या पायांपाशी आले आणि मी थांबले.

"थांबू नकोस," हर्शेल म्हणाला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि मान खाली घातली होती.