तलावाला रंग देणारा एअरब्रश

मित्रांनो, दिसायला मी जाड पेनासारखा आहे, पण मी पेन नाही. मी एक जुना एअरब्रश आहे. माझ्या डोक्यावर वाटाण्याएवढी वाटी आहे, तिच्यात रंग भरतात. पोटातून एक सुई जाते. मागून हवा आली आणि माझा खटका दाबला की तो रंग धुक्यासारखा उडतो. कुंचला रंग फासतो. मी रंग बसवतो. एवढा गर्व मला आहे, आणि तो मी लपवणार नाही.

माझी पहिली वीस वर्षे भंडाऱ्यात भूपेंद्र काकांकडे गेली. पितळेच्या भांड्यांच्या दुकानामागे त्यांची लहानशी खोली होती. तिथे ते विमानांच्या, आगगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती रंगवत. हातभर लांबीचे इंजिन, पण त्यावरचा गंज, चाकांवरची धूळ, धुराड्याची काजळी सगळे खरे वाटायचे. ते काम माझे. दूरदूरच्या शहरांतले शौकीन लोक कुरिअरने आपली मॉडेल्स पाठवत. काका ॲक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करत आणि एकावर एक असे दहा-बारा हलके थर माझ्याकडून देत. "घाई केली का रंग ओघळते," असे ते स्वतःशीच म्हणत.

मग त्यांचे हात थरथरू लागले. एके दिवशी एका विमानाच्या पंखावर रंगाचा डाग पडला. काकांनी मला तसेच खाली ठेवले, न धुता. ते नंतर मुलाकडे पुण्याला गेले आणि मी बिस्किटाच्या डब्यात पडून राहिलो. मित्रांनो, ॲक्रिलिक रंग ओला असेपर्यंत पाण्याने निघतो. वाळला की त्याचे प्लास्टिक होते. माझ्या नळीत ते प्लास्टिक झाले. सुई आत घट्ट रुतून बसली. तीन वर्षे मी श्वास घेतला नाही.

डबा उघडला तो रंजूने. कोंढ्याच्या पुढच्या एका गावातली ही तिशीतली बाई पूर्वी काकांकडे काम शिकलेली होती. आता ती घरीच शाळांसाठी, दवाखान्यांसाठी मॉडेल्स करायची. काकांनी फोनवर तिला सांगितले होते, "खोली रिकामी करून राहिलो. त्यातला एअरब्रश घेऊन जा, चालला त चालला."

रंजूने मला दोन दिवस वाळलेला रंग सोडवणाऱ्या औषधात भिजवले. मऊ ब्रशने नळी घासली. सुईचे टोक किंचित वाकले होते, ते काचेवर अलगद फिरवून सरळ केले. तिसऱ्या दिवशी तिने हवा पुरवणारा कॉम्प्रेसर लावला, खटका दाबला, आणि माझ्यातून एक बारीक निळी रेघ निघाली. रंजू एकटीच हसली. त्या क्षणी मला इतके बरे वाटले की काय सांगू!

पण माझ्या आयुष्यातले खरे काम अजून पुढे होते.

रंजूची आई शकुनबाई मासेमारी करणाऱ्या धीवर समाजातली. आयुष्य तलावात गेलेले. पाण्याकडे नुसते पाहून आत काय आहे ते ती सांगायची. त्या उन्हाळ्यात गावाने ठरवले की तलाव खोल करायचा. मोठे यंत्र आणून अख्खा तळ एकसारखा खरवडून काढायचा. शकुनबाई ग्रामसभेत उभी राहिली. तलावाच्या वरच्या अंगाला जो उथळ भाग आहे, तिथेच देवधान, म्हणजे पाण्यातला रानभात, उगवते, तिथेच मरळ मासा अंडी घालतो, तो खोदू नका, असे ती सांगू लागली. पण लोकांसमोर बोलायची तिला सवय नव्हती. शब्द अडखळले. कोणीतरी हसले.

गावातले मोठे धान उत्पादक सेवकरामभाऊ म्हणाले, "शकुनबाई, तुमाले मासेच दिसतेत. पाणी नसन त आमचं धान कायच्यावर पिकन?"

त्यांचेही खोटे नव्हते. मागच्या वर्षी शेवटच्या पाण्याविना अर्ध्या गावाचे धान वाळले होते. शकुनबाई खाली बसली. निर्णय पुढच्या रविवारच्या सभेत होणार होता.

घरी आल्यावर ती जेवली नाही. रंजूला म्हणाली, "मले सारं दिसते व बाई, पण सांगता नाई येत."

रंजूने कोपऱ्यातल्या आपल्या मॉडेल्सकडे पाहिले. मग म्हणाली, "सांगू नको माय. दाखवू."

दुसऱ्या दिवसापासून कामाला सुरुवात झाली. मायलेकी तलावात उतरल्या. शकुनबाई बांबूने खोली मोजायची आणि रंजू वहीत लिहायची. जुन्या दाराच्या फळीवर थर्माकोलचे थर कापून तलावाचा तळ उभा राहिला. लांबी-रुंदीला दोन मीटरमागे एक सेंटीमीटर, खोली मात्र नीट दिसावी म्हणून दहापट. पाळ, पाणी सोडायचे तुडुम, वरचा उथळ भाग, मधला खोलगट भाग, सगळे जिथल्या तिथे. बाजारात मिळणाऱ्या डब्यातल्या स्प्रेने थर्माकोल वितळून जाते. माझ्या पाण्यात मिसळलेल्या रंगाने त्याचा एक कणही जळत नाही. म्हणून हे काम माझेच होते!

आणि नेमका तेव्हा गावाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. शुक्रवारी दुपारी वीज गेली. रविवारी सभा. कॉम्प्रेसर मुका झाला आणि मी रिकाम्या वाटीने फळीवर पडून राहिलो. मे महिन्याचे ऊन असे होते की भांड्यातला रंगही साय धरू लागला.

रंजूचा भाऊ धनराज मासळीची पिकअप गाडी चालवतो. तो दारात येऊन म्हणाला, "काहून बसली अशी?"

"हवा नाई ना दादा. हवेबिगर हा चालत नाही."

धनराजने डोके खाजवले. "हवाच पाह्यजे ना? मंग माह्या स्टेपनीत काय हाय?"

त्याने गाडीचे जादा चाक घरात आणले. पंक्चरवाल्याकडून जुन्या पंपाची नळी कापून ती माझ्या नळीला जोडून आणली. रंजूने भीत भीत खटका दाबला. मी चाललो! मित्रांनो, कॉम्प्रेसरची हवा एकसारखी येते. चाकाची हवा मात्र आधी जोरात येते आणि मग मंद मंद होत जाते. रंजूने त्यातही युक्ती काढली. चाक भरलेले असताना ती मधल्या पाण्याचे मोठे गडद पट्टे द्यायची आणि हवा उतरू लागली की काठावरचे नाजूक काम. चाकातली हवा संपली की धनराज वीज असलेल्या शेजारच्या गावातून ते भरून आणायचा. पाच वेळा त्याने ते चाक आणले-नेले. एकदाही कुरकुर केली नाही.

उन्हाने रंग माझ्या टोकावरच वाळत होता. दर दोन मिनिटांनी रंजू ओल्या फडक्याने माझे टोक पुसायची. आधी तळाची काळी माती, तिच्यावर गढूळ हिरवा, मग निळसर पारदर्शक थर. एक, दोन, सात, अकरा. जिथे पाणी खोल तिथे अकरा थर, जिथे उथळ तिथे दोनच. उथळ भागात पाण्याखालचा तळ दिसू लागला. शकुनबाई वाकून पाहतच राहिली.

शनिवारी दुपारी उथळ भागात मरळीची पिल्ले दाखवायची होती. रंजूने लाल रंग घेतला.

"असा नाई," शकुनबाई म्हणाली. "एवढा लाल नाई राहत. संत्र्यासारखा, थोडा मातीत मिसळल्यावानी. एकाच जागी झुंड राह्यते, माय-बाप खाली राखण करतेत."

"मंग तूच दे," म्हणत रंजूने मला आईच्या हातात दिले.

जाळे ओढून ओढून खरखरीत झालेला तो हात होता. त्याने मला इतक्या जपून धरले की भूपेंद्र काकांची आठवण झाली. शकुनबाईने सांगितला तसा रंग रंजूने कालवला. हवा जवळजवळ संपली होती. तशा हवेत माझ्यातून धुके निघत नाही, बारीक थेंब उडतात. तेच हवे होते. शकुनबाईने एकदाच खटका दाबला आणि देवधान म्हणून रोवलेल्या काड्यांमध्ये शंभर नारिंगी ठिपके बसले.

रविवारी ती फळी पंचायतीच्या आवारात, आंब्याखाली मांडली. लोक गोळा झाले. या वेळी शकुनबाई भाषण करायला उभी राहिली नाही. ती फळीशेजारी उकिडवी बसली आणि बोट ठेवत गेली. "इथं पुरुषभर पाणी. इथं कमरेएवढं. इथं पोटरीएवढं, अन् इथंच मासा विते. हे खोदलं त दोन सालात तलावात मरळ दिसणार नाई."

सेवकरामभाऊ बराच वेळ वाकून पाहत होते. त्यांनी तुडुमावर बोट ठेवले. "मंग आमचं पाणी?"

"इथं खोदा ना भाऊ. पाळीपासून मधल्या भागापर्यंत, लागन तेवढं खोल. तुमाले पाणी इथूनच भेटते. वरचं उथळ तुमच्या तुडुमात येतच नाई. बेशरमाची झुडपं काढा तिथली, देवधान नोका काढू."

सेवकरामभाऊंनी बोट तुडुमापासून मधल्या गडद निळ्यापर्यंत फिरवले. मग वर आणले, जिथे तळ दिसत होता. "इतके वर्स पाळीवरून चाललो," ते म्हणाले, "पण तलाव असा हाय, हे मले आज दिसलं." मग ते लोकांकडे वळले. "मधचं खोदू. वरचं राहू द्या."

हात वर झाले. शकुनबाई फळीची कड धरून तशीच बसून राहिली, आणि धनराजने बहिणीच्या पाठीवर थाप मारली.

मित्रांनो, माझ्या अंगावरचा चकचकीत मुलामा केव्हाच उडाला आहे. वाटीला एक पोचा आहे. पण खेळण्याएवढ्या इंजिनांवर खोटा गंज चढवणारा मी एका खऱ्या तलावाच्या कामी आलो, याहून मोठा मान मला नको. तुमच्या घरीही एखादे अवजार पेटीत पडून असेल. त्याला टाकून देण्याआधी एकदा स्वच्छ करून पाहा. आणि काम संपले की ते धुवायला उद्यापर्यंत थांबू नका. आमच्यासारख्यांचा जीव धुण्याच्या त्या पाच मिनिटांत असतो.

आता शेजारच्या गावच्या बायकांनी निरोप धाडला आहे. त्यांनाही त्यांचा तलाव दाखवायचा आहे. रंजूने माझी सुई पुसली आहे, शकुनबाई खोली मोजायचा बांबू घेऊन गाडीत पुढे बसली आहे, आणि धनराज दोघींना विचारतो आहे, "निघू काय?"