सुप्रीम कोर्टाचं पाकीट

सुप्रीम कोर्टाचं पाकीट आलं तेव्हा मला आधी मिक्सर आठवला.

आदल्याच आठवड्यात मी मिक्सरचं फुटकं भांडं जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत, भेंडीच्या देठांखाली लपवून टाकलं होतं. इथे प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला; धातूच्या कचऱ्याचा दिवस लांब होता आणि ते भांडं मला डोळ्यांसमोर नको झालं होतं. जपानात चाळीस वर्षं काढली, त्यातली वीस इथली नागरिक म्हणून. एवढ्या काळात केलेला हा माझा एकमेव गुन्हा.

"मिक्सरच्या भांड्यासाठी थेट सुप्रीम कोर्ट?" आमचे हे, म्हणजे देवदत्त, पाकिटावर वाकून म्हणाले. "खालची कोर्टं काय झोपली आहेत?"

"अहो, उघडा तरी."

"तुझ्या नावाचं आहे. हात लावला तर मी साथीदार ठरेन."

बोलायला आम्ही दोघंही सराईत आहोत, पण सरकारी जपानी वाचायचं तर नात लागते. 'सर्वोच्च न्यायालय' एवढं मात्र दोघांनाही वाचता आलं होतं. अश्लेषा शाळेतून येईपर्यंत पाकीट टेबलावर पडून राहिलं आणि आम्ही त्याच्यापासून जरा लांब बसून चहा प्यालो.

अश्लेषाने वाचलं आणि "उसो!" म्हणून किंचाळली. उसो म्हणजे खोटं; आमच्या घरात ते 'अगंबाई'च्या जागी चालतं.

"आजी, तू आरोपी नाहीस. तू जज्ज आहेस!"

तिने समजावून सांगितलं ते असं. इथे खुनासारख्या खटल्यात तीन न्यायाधीशांच्या शेजारी सहा साधी माणसं बसवतात. मतदारयादीतून चिठ्ठ्या काढून निवडलेली. आरोपी दोषी आहे का आणि शिक्षा काय द्यायची, हे नऊ जण मिळून ठरवतात. पुढच्या वर्षाच्या यादीत माझं नाव लागलं होतं.

"शिक्षा म्हणजे फाशीसुद्धा?" मी विचारलं.

"सुद्धा."

आता ह्यांच्याविषयी सांगायला हवं. आमचे हे मुंगीला वळसा घालून जातात, पण बातम्या लागल्या की जेवता जेवता दोन-तीन जणांना फासावर चढवतात. ज्या देशांनी फाशी बंद केली त्यांनी ती परत आणावी, असं ह्यांचं ठाम मत. तसं पत्रसुद्धा ह्यांनी एकदा कुठल्याशा इंग्रजी पेपराला पाठवलं होतं. आणि निवड झाली माझी! ह्यांचा चेहरा लग्नात पंगतीतून उठवलेल्या माणसासारखा झाला.

"संगणकाची चूक असणार," हे म्हणाले. "आपण दोघंही मतदार. त्यातल्या ज्याला काही मत आहे त्याला सोडून..."

"मला मत नाही?"

"आहे गं. पण पन्नास वर्षांत बोलली नाहीस कधी."

ते खरं होतं. ह्यांच्या फाशीवर मी "भात वाढू का?" याच्यापलीकडे कधी काही म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी सून वैभवी ऑफिसातून आली. तिने कागद शांतपणे वाचले. "आई, सत्तरीपुढच्यांना नाही म्हणता येतं. इथे चौकोन आहे, त्यात खूण करायची आणि फॉर्म परत पाठवायचा. काहीच पाठवलं नाही तर नाव यादीत राहतं." तिने तिथल्या तिथे खूण केली, माझी सही घेतली आणि पाकीट बंद केलं. "कशाला डोक्याला ताप? तुम्हाला नाही जमायचं कोणाला फाशी द्यायला."

हे तिने प्रेमाने म्हटलं होतं. तरी मला ते लागलं.

"जमेल का ते बघू या," अश्लेषा म्हणाली आणि रविवारी दुपारी तिने बैठकीच्या खोलीत खटला भरवला. वैभवी सरकारी वकील. माझा मुलगा रविकांत आरोपीचा वकील. तीन न्यायाधीश आणि बाकीचे पाच जण म्हणून आठ उशा ओळीने मांडल्या, नववी मी. आरोपी व्हायला कोणी उरलंच नव्हतं, म्हणून आरामखुर्चीत पेपर वाचणाऱ्या ह्यांना उभं केलं. आरोप असा, की शेजारी रोज पहाटे गायचा म्हणून आरोपीने त्याचा खून केला.

"आरोपीला रक्तदाब आहे," रविकांत म्हणाला. "शिवाय शेजारी बेसूर होता."

"आरोपीने आधी तीन वेळा धमकी दिली होती," वैभवी म्हणाली. "पूर्ण विचार करून केलेलं कृत्य."

"आरोपीला काही सांगायचंय?" अश्लेषाने विचारलं.

ह्यांनी छाती पुढे काढली. "मला दया नको! कायदा सगळ्यांना सारखा. फाशी द्या!" आणि माझ्याकडे बघून हळूच हसले. ही विरघळणार, अशी खात्रीच होती.

"फाशी," मी म्हटलं.

ह्यांची पुढे काढलेली छाती खाली आली.

"अगं," हे म्हणाले, "उशांना तरी विचार!"

"आजी, सुगोई," अश्लेषा पुटपुटली. कमाल आहे, अशा अर्थाने.

सगळे हसले. हे मात्र फुगून बसले. "पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत," असं रविकांतला दोनदा सांगून झालं. मी स्वयंपाकघरात गेले आणि कणीक मळायला घेतली. मला त्या बेसूर शेजाऱ्याचं काहीएक वाटलं नव्हतं. ह्यांना समोर असं छाती काढून उभं पाहिलं आणि मला सेंदाई आठवलं होतं, जपानातलं आमचं पहिलं गाव. मला एका शब्दाने न विचारता ह्यांनी तिथल्या विद्यापीठाची नोकरी पत्करली होती. मी पुण्यातल्या शाळेतली माझी नोकरी सोडून, कडेवर रविकांतला घेऊन त्या बर्फात उतरले होते. खून शेजाऱ्याचा झाला आणि फाशी मी सेंदाईसाठी दिली. आणि तो शब्द किती सहज तोंडातून निघाला!

माझे वडील जेलमध्ये कारकून होते. आम्ही भावंडं स्टेशनवर गेलो की रंगीत दिव्यांच्या वजनाच्या यंत्राकडे धावायचो. नाणं टाकलं की तिकीट येई, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. वडील आम्हाला दंडाला धरून ओढत लांब न्यायचे. आमच्या घरात कोणी कोणाचं वजन काढायचं नाही, असा नियमच होता. आम्हाला वाटायचं, नाणं वाचवतात. ते गेल्यावर आईने सांगितलं. फाशीच्या कैद्याचं आदल्या दिवशी वजन करावं लागे, दोर किती लांब सोडायचा ते त्यावरून ठरे. वजन वहीत लिहायचं काम वडिलांचं होतं. फाशी द्यावी का, हे त्यांना कोणी कधी विचारलं नव्हतं.

मला विचारत होते.

सोमवारी सकाळी वैभवीने बंद केलेलं पाकीट घेऊन मी टपालपेटीपर्यंत गेले. पेटीसमोर उभी राहिले. मग स्टेशनच्या बाजूला वळले, बेकरीतून पाव घेतला आणि पाकीट पिशवीत तसंच ठेवून घरी आले. मुदत संपल्यावरच घरात सांगितलं. वैभवी रागावली. हे अजून फुगलेलेच होते.

बोलावणं आलं जूनमध्ये, चिबाच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कोर्टातून. पुन्हा चिठ्ठ्या निघाल्या, त्यातही माझं नाव आलं. खटला खुनाचा होता आणि सरकारी वकिलांनी फाशी मागितली होती. मी कित्येक दिवस सकाळची ट्रेन धरून जात होते. आरोपी चाळिशीचा होता. बसताना आणि उठताना दर वेळी वाकून नमस्कार करायचा. तो समोर असताना मी रोज स्वतःला एकच प्रश्न विचारत होते: सुमन, ही शिक्षा नक्की ह्याच्याच गुन्ह्याची ना? आणखी कोणाच्या तर नाही?

निकाल जन्मठेपेचा लागला. तो पेपरात आला, सगळ्यांना माहीत आहे. बंद खोलीत आम्हा नऊ जणांत कोण काय म्हणालं, ते मात्र मरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही, असा इथला कायदा आहे.

त्या दिवशी हे मला घ्यायला आमच्या इचिकावा स्टेशनवर आले होते. न सांगता. माझी पिशवी घेतली. सिग्नलपाशी आल्यावर विचारलं.

"तू फाशी म्हणालीस का?"

"सांगता येत नाही."

"मला? नवऱ्याला?"

"कायद्यात नवऱ्याचं वेगळं काही लिहिलेलं नाही."

"बरं, फाशी नाही म्हणालीस का, एवढं तरी सांग."

"अहो, ते एकच झालं."

सिग्नल हिरवा झाला तरी हे उभेच. मग म्हणाले, "मी त्या खुर्चीत असतो ना, तर मला..." आणि थांबले. एवढी वर्षं ह्यांचं वाक्य जिथे संपायचं तो शब्द मला पाठ होता. मी त्याची वाट बघत उभी राहिले. तो आला नाही.

"माहीत नाही," हे म्हणाले.

सिग्नल पुन्हा लाल झाला होता. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.