साहेबाची कबर

आमच्या गावच्या दफनभूमीत एक कबर कायम रिकामी असायची. इथल्या जुन्या दवाखान्यातल्या एका गोऱ्या डॉक्टरसाहेबाने ती स्वतःसाठी विटांनी बांधून घेतली, वर फरशी टाकून ठेवली, आणि म्हातारपणी मायदेशी जाऊन तिथेच वारला. कबर आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या गळ्यात पडली. मंडळीनेही तिला बरोबर कामाला लावलं. दर ईस्टरला उजाडायच्या आधी पुरुष फाटकाबाहेर थांबायचे. आम्ही बायका फुलं घेऊन आत जायचो, फरशी सरकवून डोकावायचो आणि धावत येऊन सांगायचो, "कबर रिकामी आहे!" त्यावर पुरुषांनी आधी "काहीतरीच!" म्हणायचं, कारण शुभवर्तमानातल्या शिष्यांनाही, येशूची कबर रिकामी आहे हे बायकांचं सांगणं खरं वाटलं नव्हतं. आमचे हे, रूपराव, ते "काहीतरीच" इतकं मनापासून म्हणायचे की घरी आल्यावरही माझा राग जायचा नाही.

कुंपणापलीकडे भागीरथाची वांग्यांची वाडी. दरवर्षी ती तोडणी थांबवून विचारायची, "सापडला का वो सिस्टरबाई, तुमचा देव?" मी त्याच दवाखान्यात नर्स होते, म्हणून गावाची सिस्टरबाई. उत्तर मात्र आमचे हेच द्यायचे. "नाई सापडला! म्हनून त सण हाय!" वर्षानुवर्षं तीच थट्टा, आणि दोघंही नव्याने हसायची.

गेल्या श्रावणात हे गेले. पाऊस उसंत घेत नव्हता. आमची काळी माती. खड्डा खणला की पाण्याने भरायचा, उपसला की कडा ढासळायच्या. संध्याकाळ होत आली तेव्हा पाळकसाहेब, धनंजय, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मावशी, साहेबाची कबर कोरडी आहे."

मी हो म्हटलं. चिखलात टाकवेना त्यांना. त्या क्षणी ईस्टर कोणाच्या डोक्यात आला नाही, माझ्याही नाही.

तो आला ईस्टरआधीच्या उपवासकाळात. मंडळी आता चार-पाच घरांचीच उरलीय. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण मी जवळ गेले की बोलणी थांबायची. शेवटी पाळकसाहेबांनी ठरवलं, यंदा सगळ्यांनी नागपूरच्या मोठ्या चर्चला जायचं. गाडीही ठरली.

"तुम्ही पण चला, मावशी."

"तुम्ही जा," मी म्हटलं. "माझं माणूस इथं आहे."

संताप आला होता मला. जणू आमच्या यांनी कोणाची जागा बळकावली होती!

ईस्टरच्या पहाटे मी एकटीच गेले. फाटकाबाहेर चिटपाखरू नव्हतं. अंगणातला मोगरा ओंजळभर आणला होता, तो फरशीवर ठेवला. शुभवर्तमानातल्या त्या बायकांना काळजी होती की तोंडावरची धोंड कोण लोटेल. मला तीही नव्हती. आमची फरशी आता सिमेंटने पक्की बसवलीय, आणि आत कोण आहे ते मला ठाऊक होतं.

रीतीप्रमाणे म्हणायला तोंड उघडलं, तर शब्द फुटेना. प्रभू उठला हे मी मानते, आजही मानते. पण यांच्या उशाशी उभं राहून "कबर रिकामी आहे" कोणत्या तोंडाने म्हणू? आणि म्हटलं असतं तरी बाहेर "काहीतरीच" म्हणायला कोण होतं? ज्या शब्दावर मी जन्मभर चिडले, तो एकदा ऐकायला जीव तुटत होता. मला इतकं एकटं तर दफनाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान माणसं होती.

उजाडलं तशी मी परत फिरले. या खेपेला धावायचं कोणाकडे? चालतच आले. फाटकाशी पोचले तेवढ्यात कुंपणापलीकडून सवयीने आवाज आला.

"सापडला का वो सिस्टरबाई, तुमचा..."

भागीरथा तिथेच थांबली. हातातलं वांगं हातात राहिलं. "माफ करा, बाई. तोंडातून निंगून गेलं."

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी कधीच दिलं नव्हतं. ते काम यांचं होतं.

"सापडला," मी म्हणाले. "यंदा सापडला, भागीरथा. तिथंच आहे." आणि श्रावणापासून अडून राहिलेलं रडू सगळं एकदम आलं.

भागीरथा टोपली खाली ठेवून वाडीतून वळसा घालून आली, फाटकाबाहेर हे उभे राहायचे तिथेच उभी राहिली, आणि माझं रडून होईपर्यंत हलली नाही.